चिंचांच्या कपाळावरची विभूती

उदगीरहून लातूरकडे निघालेली एसटी हणमंतवाडी पाटीला थांबते. पाटी म्हणजे गाव नव्हे. गाव आत, चांगलं कोसभर. सडकेवर नुसती नावाची पाटी, तिच्याखाली गाडीची वाट बघणारी चार माणसं आणि गौरम्माचं हॉटेल. हॉटेल म्हणायचं ते गौरम्माला बरं वाटावं म्हणून. लाकडाच्या मेढी, वर पत्रे, एक चूल, एक बाकडं आणि चहा उकळता उकळता आल्यागेल्याची हजेरी घेणारी मालकीण. कुठं चाललाव, कशाला चाललाव, पोरीचं जमलं का, हे सगळं सांगितल्याशिवाय कप हातात पडत नसे. ज्यांना घाई होती ते पुढच्या पाटीवर चहा पीत. पण तो चहा गौरम्माच्या चहासारखा नसे, म्हणून येताना मुकाट्यानं इथंच उतरत.

हॉटेलाच्या पाठीमागं चिंचा होत्या. निजामाच्या राज्यात कुणीतरी लावलेल्या, सडकेच्या एका अंगाला ओळीनं उभ्या. एकेक बुंधा असा की दोघांनी मिळून कवेत घ्यायचा म्हटलं तरी हाताला हात लागू नये. जुन्या फांद्या मोडल्या तिथं ढोल्या पडलेल्या, आणि ढोली म्हटली की बिऱ्हाड आलंच. वरच्या मजल्यावर राघू, मधल्यावर पिंगळ्याचं जोडपं, खाली खारींची धावपळ. चिंचांच्या पलीकडं गायरान पसरलेलं. त्यात तित्तर होते, ससे होते आणि वर्षाकाठी एखादं कोल्हं दिसायचं. या सगळ्या मंडळींची गौरम्माला खडान्‌खडा माहिती. कुणाची अंडी, कुणाची पिलं, कोण कुणाच्या ढोलीवर डोळा ठेवून आहे, हे ती गिऱ्हाइकांना अशा थाटात सांगे, की परगावच्या माणसाला वाटावं ही भावकीचीच गोष्ट चालली आहे.

राघूंवर तिचा जीव जरा जास्त. तिचं माहेर भालकीकडचं, बोली कानडी. सासरच्या घरातली कानडी मात्र दोन पिढ्यांमागंच सुटलेली. कानडीत राघूला म्हणतात गिळी. लग्नाला आठवडा झाला असेल, नवरा नागप्पा जेवायला बसला होता आणि दारावरून राघूंचा थवा गेला. नव्या नवरीला माहेर आठवलं, हात वर करून ती आनंदानं ओरडली, "गिळी! गिळी!" नागप्पानं हातातला घास ताटात ठेवला आणि आईकडं बघितलं. सून नवऱ्याला 'गिळ' म्हणते, आणि तेही दोनदा! उलगडा होईपर्यंत नागप्पा उपाशीच बसला होता म्हणतात. पुढं तीस वर्षं त्यानं हा किस्सा पाटीवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला आणि दरवेळी गौरम्मानं त्याला लाटणं दाखवलं. नागप्पा गेल्यावर तो किस्सा ती स्वतःच सांगू लागली. सांगताना हसायची आणि शेवटी पदर डोळ्याला लावायची.

तर त्या साली पावसानं पाठ फिरवली. सलग दुसरं वर्ष. विहिरींचे तळ दिसायला लागले, गायरानातलं गवत वाळून करडं झालं आणि पाटीवर टँकर यायला लागला. गौरम्माला घागरीच्या हिशेबानं पाणी मिळे, त्यातच चहा आणि त्यातच कप विसळणं. विसळलेलं पाणी ती सांडू देत नसे. फुटक्या माठांची बुडं तिनं सुतळीनं चिंचांच्या बेचक्यांत बांधून ठेवली होती, त्यांत ते पाणी जाई. कुणी कपातला घोट जमिनीवर फेकला की तिचा आवाज चढे. "आरं, वर बग की जरा! ती पाखरं तहानेनं आ करून बसल्यात आन तू भुईला च्या पाजायलास?" माणूस ओशाळून पुढचा कप स्वतः उठून बेचक्यात रिकामा करी. चहाचं पाणी पिऊन राघूंना रात्रभर झोप येत नसेल, अशी चेष्टा तिचा दीर बसवराज करी.

बसवराज हा नागप्पाचा धाकटा भाऊ. सडकेच्या दुसऱ्या अंगाला, चिंचांच्या बरोबर समोर, त्याचं शेत. उदगिरात आडत दुकान, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळाला विभूती आणि बोलण्यात सदानकदा जिल्हा. कारण जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि बसवराजला वाटे, हे सगळं आपल्याचसाठी झालंय. "वैनी, आता जिल्हा आपला हाय. सडक रुंद व्हनार बगा. गाड्या वाढनार. मी हितं शेताच्या तोंडाला खानावळ टाकनार, पक्की, स्लॅबची." गौरम्मा म्हणे, "टाका की भावजी. पर आदी पाऊस तर पडू द्या, भाकरी कशाची करनार?" यावर बसवराज जिल्ह्याचा विषय बदलून तालुक्यावर येई.

माघात गौरम्माच्या भाचीचं लग्न निघालं. हॉटेल बंद करून ती भालकीला गेली आणि शिवरात्रीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं परतली. उपास होता, अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून निघाली होती. पाटीला उतरली, गाडी निघून गेली, धुरळा बसला आणि समोर बघते तर काय! ओळीतल्या प्रत्येक चिंचेवर, बरोबर माणसाच्या कपाळाच्या उंचीला, तीन आडव्या पांढऱ्या रेघा. सरळ, ठसठशीत, नुकत्याच ओढलेल्या.

"शिवा, शिवा," म्हणून तिनं पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले.

आता तुम्ही-आम्ही असतो तर म्हटलं असतं, कुणीतरी रंगाचा डबा घेऊन आलं असणार. पण ज्या बाईनं जन्मभर घरातल्या प्रत्येक कपाळावर त्या तीन रेघा बघितल्या, तिला शिवरात्रीच्या सकाळी दुसरं काय सुचणार? मठातले स्वामी भल्या पहाटे या वाटेनं गेले असतील आणि दुष्काळात उभ्या राहिलेल्या या झाडांना त्यांनी विभूती लावली असेल, इतकं ते तिला उघड होतं. तिनं गायरानातल्या रुईची फुलं तोडली आणि एकेका झाडाच्या बुडाशी वाहिली. मग पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं. पाटीवर एक गोष्ट एका गिऱ्हाइकाला सांगितली की संध्याकाळपर्यंत ती उदगिरात पोचते.

पुढच्या सोमवारी बायका ताटं घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी ट्रकवाले थांबायला लागले. गावातली चतुराबाई रोज पहाटे येऊन चिंचांखाली झाडून काढू लागली. पोटाला काम नव्हतं, तर निदान हाताला तरी काम, म्हणायची. एका महिन्यात पाटीला छोट्या जत्रेची कळा आली. पाऊस नव्हता, पीक नव्हतं, पण सोमवारी माणसं नवी लुगडी नेसून चिंचांखाली बसत, एकमेकांची सुखदुःखं विचारत आणि हसून घरी जात.

यात्रेची व्यवस्था अर्थातच गौरम्माकडं. आणि तिचे नियम कडक. बुंध्यावर नारळ आपटायचा नाही, ढोलीतली पिलं दचकतात. कापूर लांब, दगडावर लावायचा, साल पोळते. खिळा ठोकून घंटा बांधायची म्हणणाऱ्या एका ट्रकवाल्याला तिनं विचारलं, "तुमच्या कपाळात ठोकू का?" आणि पाणी? लोक तांब्यातून झाडाला अभिषेक करायला आणत. ती म्हणे, "भुईत वतू नका. वर बेचक्यात घाला. महादेवाला पोचतंय त्ये." मग माणसं चवड्यांवर उभी राहून बेचक्यात पाणी घालत आणि राघू येतात का म्हणून माना वर करून बघत बसत. ज्या चिंचांखालून जन्मभर ये-जा केली, त्यांत कोण राहतं हे हणमंतवाडीला त्या महिन्यात पहिल्यांदा कळलं. पिंगळा दिवसा ढोलीच्या तोंडाशी बसून डोळे मिटून ऊन खातो, हे बघायला तर खास माणसं येऊ लागली.

आणि मग एका दुपारी राजदूत मोटरसायकलवरून शेषेराव आला. शेषेराव सडकेच्या कामावरचा ओव्हरसियर, मूळचा नांदेडकडच्या उमरीचा. उंच, वाळक्या काडीसारख्या अंगाचा, डोक्यावर उन्हानं पिवळी पडलेली हॅट. चहा मागवला, दोन घोट घेतले आणि चिंचांकडं टक लावून बघत राहिला.

"मावशी, झाडाला हारफुलं कुनी वाह्यली हो?"

गौरम्मा खुलली. शिवरात्रीपासूनची कथा तिनं मिठमसाला लावून सांगितली आणि शेवटी म्हणाली, "मठाचे स्वामीच यिऊन इबीत लावून गेले बगा."

शेषेरावाच्या नाकात चहा गेला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. ठसका थांबल्यावर तो म्हणाला, "मावशी, ते स्वामी मीच."

"तुमी? तुमी मठात असता?"

"न्हाई हो. मी सडकेवर असतो. आन ती इबीत न्हाई, चुना हाय. आमची खूण हाय ती. एक रेघ म्हंजे झाड राखा. दोन म्हंजे फांद्या छाटा." त्यानं कप बाकड्यावर ठेवला. आता तो हसत नव्हता. "तीन म्हंजे बुडातून काढा."

गौरम्मानं चुलीवरची किटली उतरवलीच नाही आणि चहा उतू गेला. तिनं वर बघितलं. पलीकडच्या ढोलीत राघूची मादी अर्धी आत, अर्धी बाहेर होती आणि आतून पिलांचा बारीक आवाज येत होता.

शेषेराव माणूस वाईट नव्हता. त्यानं समजावून सांगितलं. सडक रुंद होणार, तेही रोजगार हमीवर, म्हणजे गावाच्याच हाताला काम मिळणार. गायरानाच्या अंगानं वाढवली की जमीन सरकारचीच, कुणाची घ्यावी लागत नाही. दुसऱ्या अंगाला बसवराजचं खाजगी शेत. येत्या सोमवारी काम सुरू. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मावशी, माज्याबी जिवावर येऊन राहिलं. एक सांगतो. तुमी कायच बोलू नका. लोकास्नी इबीत वाटून राहिली तर वाटू द्या. कुनी कुऱ्हाड लावनार न्हाई. मग मी वर कळवतो, लोक ऐकत न्हाईत मनून."

तो गेला आणि गौरम्मा बाकड्यावर बसून राहिली. गिऱ्हाईक आलं, तिनं चहा दिला, पण कुठं चाललाव म्हणून विचारलं नाही. गिऱ्हाइकानं घाबरून तिलाच विचारलं, "बरं हाय न्हवं?"

गप्प बसायचं, एवढंच तर होतं. गप्प बसलं की चिंचा वाचतील, पिलं वाचतील, सोमवार चालू राहतील. पण रोज सकाळी अंघोळ झाली की ती विभूतीचा खडा हातात घेई, डोळे मिटे आणि कपाळाला तीन बोटं ओढी. दुसऱ्या दिवशी तिनं खडा हातात घेतला आणि हात अडला. चुना आहे हे ठाऊक असून त्याला विभूती म्हणायचं, आणि त्याच तोंडानं देवाचं नाव घेऊन ही खरी विभूतीही लावायची? आपण चुकलो तेव्हा खरंच चुकलो होतो, त्यात पाप नव्हतं. आता बोललो नाही तर ती लबाडी होईल. सांगितलं तर लोक हसतील, त्याचं तिला काही नव्हतं. पण दुष्काळात घोटाघोटानं साठवलेलं पाणी माणसांनी तिच्या शब्दावर आणून घातलं होतं. ती चिडून निघून गेली आणि उद्या त्यांनीच कुऱ्हाडी घातल्या, तर त्यांना अडवायला तिच्याकडं काय उरणार होतं? तिला रडू आलं आणि ती मनसोक्त रडली. मग तोंड धुतलं, तेही पाणी बेचक्यात घातलं.

सोमवारी पाटीवर निम्मी माणसं ताटं घेऊन आलेली आणि निम्मी टिकाव-फावडी घेऊन. चतुराबाईच्या एका हातात घमेलं आणि दुसऱ्या हातात फुलांची पुडी. शेषेराव टेप घेऊन उभा. बसवराजही टोपी झटकत आला होता, त्याच्या सडकेचा मुहूर्त होता ना! गौरम्मा बाकड्यावर चढली.

"ऐका गं बायांनू, ऐका. ती इबीत न्हाई. चुना हाय. ह्या साहेबानं लावलेला. झाडं तोडायची खूण हाय ती. मला कायबी ठावं नव्हतं, मीच इबीत समजून तुमास्नी सांगितलं. माजं चुकलं."

पहिला आवाज चतुराबाईचा. "म्हंजे गौरक्का, महिनाभर म्या चुन्याला हळद-कुकू वाह्यलं?"

"हाव."

"आन त्या सोमवारी माजी शेळी व्याली ती?"

"ती शेळी आपली आपन व्याली गं."

चतुराबाईनं क्षणभर विचार केला आणि तिला असं हसू फुटलं की घमेलं हातातून पडून खणखणत सडकेवर गेलं. मग सगळी पाटी हसायला लागली. म्हातारी माणसं गुडघ्यांवर हात मारून हसली. शेषेराव हॅट तोंडावर धरून हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसला बसवराज. "वैनी, चुन्याचा महादेव! अवो, आता त्याच्या शेजारी पानाची टपरी काढा!"

हसू ओसरल्यावर कुणी तरी म्हणालं, "पर आपलं पानी गेलं की वाया."

"कुटं वाया गेलं?" चतुराबाई डोळे पुसत म्हणाली. "पाखरंच प्याली न्हवं? ती तर चुन्याची न्हाईत." आणि तिनं पुडीतली फुलं काढून नेहमीसारखी चिंचेच्या बुडाशी ठेवली. ताटं घेऊन आलेली एकही बाई माघारी फिरली नाही. टिकाव घेऊन आलेली माणसं मात्र एकमेकांकडं बघू लागली, कारण काम तर सगळ्यांनाच हवं होतं.

शेषेराव घसा खाकरून म्हणाला, "काम बुडनार न्हाई. पन सडक रुंद करायला जागा पायजे. ह्या अंगाची झाडं राखायची तर त्या अंगानं घ्यावी लागंल. तितं बसवराजअप्पांचं शेत हाय. त्यांनी राजीखुशीनं पट्टा दिला तर मी वरून मंजूर करून आनतो."

सगळ्या माना बसवराजकडं वळल्या. त्याचं हसू विरलं. "माजं शेत? आरं, माजी खानावळ हाय तितं!"

"कुटं हाय?" चतुराबाईनं शेताकडं बघत विचारलं. "आन अप्पा, तुमी कशाला हसताव हो? म्या झाडत व्हते तवा पहाटंच्या अंधारात नारळ ठिवून कोन गेलतं?"

बसवराजचा चेहरा टोपीपासून गळ्यापर्यंत लाल झाला. गौरम्मानं बाकड्यावरूनच विचारलं, "भावजी, नवस बोलला काय?"

"आता तसं म्हनलं तर..."

"काय बोलला?"

बसवराज आपल्या पायांकडं बघत म्हणाला, "सडक रुंद होऊ दे म्हनलो. झाली की झाडाला दगडी पार बांधीन."

झाडाला नवस, आणि तो झाडाचाच गळा कापणारा! हसणाऱ्यांनी पुन्हा गुडघ्यांवर हात मारले. गौरम्मा मात्र हसली नाही. ती बाकड्यावरून उतरली, दिरासमोर येऊन उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर सावरून हळू आवाजात म्हणाली, "भावजी, नवस कुनाला बोललाव? चुन्याला का झाडाला?"

खोटं बोलणं त्यालाही जमण्यासारखं नव्हतं, कपाळावर खरी विभूती होती. "झाडाला," तो म्हणाला.

"मग झाड तर खरं हाय. आन सडक बी रुंद व्हायली."

बसवराजनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. शेताकडं बघितलं, चिंचांकडं बघितलं. "झाडच न्हाई ऱ्हायलं तर पार बांधू कशाला? गायरानाला?" तो पुटपुटला. मग त्याच्यातला व्यापारी जागा झाला. "बरं, पार झाला म्हंजे लोक सावलीला बसनार. बसलेल्या मानसाला भूक लागनार. खानावळ जरा मागं घेतली म्हनून काय बिगडतंय? साहेब, घ्या लिहून. बांधाकडंचा पट्टा घ्या." पाटीवर असा कल्ला झाला की ढोलीतले राघू बाहेर येऊन ओरडायला लागले.

वरून मंजुरी यायला थोडा वेळ लागला, पण शेषेरावानं खेटे घालून आणली. मग एका सकाळी त्यानं बसवराजच्या काळ्या रानात चुन्याची लांब रेघ मारली आणि काम सुरू झालं. चतुराबाई आणि गावच्या बायका घमेली वाहू लागल्या. चिंचेवरचा चुना पुसायचा का, असं शेषेरावानं विचारलं तेव्हा गौरम्मानं आपला खडा आणला आणि एकेका झाडाच्या तीन रेघांवरून तीन बोटं ओढली. आता ती विभूतीच होती आणि त्याबद्दल कुणालाही काही सांगायची गरज नव्हती.

बसवराजनं पारासाठी दगड आणवले. गाडी चिंचेखाली उभी केली, गडी दगड उतरवायला लागले आणि बसवराज बुंध्याशी उभा राहून कुठून कुठपर्यंत बांधायचं ते डोळ्यांनी मापू लागला. मापता मापता थांबला.

"वैनी, ह्यो बारीक कलकलाट कशाचा?"

"पिलांचा. त्या ढोलीत हायत."

"आजच झाली व्हय?"

"लई दिस झाले की. दर साली असत्यात, भावजी. तुमी लहान व्हताव तवापासनं असत्यात."

बसवराजनं मान वर केली. ढोलीच्या तोंडाशी हिरवी मादी आली, आत वाकली, आणि आतून एक चिमुकली लाल चोच वर आली. मग दुसरी. टोपी मागं पडली तरी त्याचं लक्ष नव्हतं. एवढ्यात गड्यांनी पहिला मोठा दगड धाडकन खाली टाकला.

बसवराज गर्रकन वळला आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "हळू रं, हळू! वर लेकरं हायत."